दाजींचा नंबर

दाजींना दाजी म्हणणारा जगात एकच माणूस होता, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. पण परदेशातल्या त्या कारखान्यात मेहुणा दिवसभर "दाजी, दाजी" करत त्यांच्या मागेमागे फिरायचा, त्यामुळे फोरमनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ते त्यांचं नावच वाटलं. मोठा साहेबसुद्धा "मिस्टर दाजी" म्हणायचा. अख्खा कारखानाच आपला मेहुणा झाला, असं दाजी फोनवर सांगायचे आणि तिकडे बायको पोट धरून हसायची.

दाजी वेल्डर होते. तेही गल्लीतले नव्हेत, वाफेच्या पाइपांचे सांधे भरणारे. कंपनीने त्यांना कुशल कामगार म्हणून स्वतःच्या हमीवर व्हिसा देऊन नेलं होतं. म्हणजे कंपनी आहे तोवर तो देश आपला. कंपनीने हात काढून घेतला की गाशा गुंडाळायचा. मेहुण्याचंही तसंच होतं. फरक एवढाच, की मेहुणा वाफेच्या पाइपांचा वेल्डर नव्हताच.

तो गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचा. हात देखणा. त्याने भरलेल्या सांध्यावरची रेघ अशी सरळ आणि एकसारखी, की बोट फिरवून बघावंसं वाटे. पण पाइपाचा सगळा जीव आत असतो, तळाच्या थरात. तो पहिला थर दोन्ही कडा वितळवून आरपार बसावा लागतो, तोही पाइप जागचा न हलवता, कधी वाकून तर कधी परांचीवर उताणं पडून. मेहुण्याचं घोडं तिथेच पेंड खायचं.

कंपनीची माणसं परीक्षा घ्यायला आली तेव्हा बायकोने दाजींना स्वयंपाकघरात गाठलं.

"माझ्या भावाला मागे ठेवून जाऊ नका हो. इथे त्याचं काही खरं नाही."

दाजींना बायकोला नाही म्हणता येत नसे आणि मेहुण्याला तर त्याहून नाही. परीक्षा पत्र्याच्या आडोशांमध्ये होती. सगळ्यांच्या अंगात चामड्याचे कोट, तोंडावर काळ्या काचेचे मुखवटे. आत नवरा आहे की भाऊ, हे खुद्द बायकोलाही ओळखू आलं नसतं. दाजींनी आपला पाइपाचा तुकडा भरून दिला आणि चहाच्या सुट्टीनंतर मेहुण्याच्या आडोशात शिरून त्याचाही भरला. दोघंही पास! सासूबाईंनी गल्लीभर सगळ्यांचं तोंड गोड केलं. "माझं पोर जावयाच्या तोडीचं निघालं," असं त्या येईल-जाईल त्याला सांगत होत्या. दाजी गालातल्या गालात हसत राहिले. तिकडे गेल्यावर शिकवू की त्याला, त्यात काय मोठंसं, असं त्यांना वाटलं.

शिकवलं मात्र नाही. आपल्या माणसाला शिकवायचं तर आधी त्याला चुकू द्यावं लागतं, आणि दाजींना तेच बघवत नसे. मेहुण्याचा हात जरा अडखळला की "सरक, आण इकडे," म्हणत ते स्वतःच आडवे व्हायचे. जेवताना त्याच्या ताटात वाढावं, तसंच हेही. मेहुण्याने कडा घासायच्या, पाइप जुळवून धरायचे. तळाचा थर दाजींनी भरायचा. वरचा देखणा थर मेहुण्याने चढवायचा. मग ज्याने सांधा भरला त्याचा नंबर शेजारी हातोडीने ठोकायचा, आणि हे ठोकायचं कामही मेहुण्याकडेच. काही सांध्यांवर दाजींचा नंबर, काहींवर स्वतःचा. तपासनीस मनाला येईल त्या सांध्याचा एक्स-रे काढायचा. दाजींचा एकही सांधा कधी नापास झाला नव्हता, त्यामुळे त्यांचा नंबर दिसला की तो हात हलवून पुढे जायचा. मेहुण्याचे मात्र अजून बघायचा.

दोघांना एकच खोली होती. दोन खाटा, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर कुणाच्या तरी गोदामाची भिंत. कांदा परतायला घेतला की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागे आणि मेहुणा स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घाली. अशा वेळी दोघं शाळकरी पोरांसारखे हसायचे. बायकोला इकडे आणायचं आता नक्की झालं होतं. दाजी मोठी खोली बघायला लागले होते.

तेवढ्यात फोरमनने दाजींना कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात तातडीच्या कामासाठी जायला सांगितलं. काही आठवड्यांचाच प्रश्न होता. मेहुण्याचं तोंड उतरलं.

"दाजी, मला नाही जमणार. मी फोरमनला सांगून टाकू का?"

"काय सांगणार?"

"की मला तळाचा थर येत नाही. घासायच्या कामावर ठेवा म्हणून."

दाजींनी आधी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. असं सांगितलं की पहिला प्रश्न येणार, मग परीक्षा दिली कोणी? दोघांचाही व्हिसा जाणार, आणि बायको बॅग भरून बसलेली.

"वेड लागलंय का तुला? तोंडातून अक्षर काढायचं नाही. इतके दिवस बघतोयस ना माझं? तसंच करायचं. हात थरथरला तर थांब, श्वास घे, परत सुरू कर."

मेहुण्याने मान हलवली. त्याने दाजींचं न ऐकल्याचं कधी झालंच नव्हतं.

दाजी परत आले तोवर पाइप जागेवर चढले होते आणि आतली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्यावर काचेची लोकर गुंडाळून पत्राही बसला होता.

"जमलं?" दाजींनी विचारलं.

"जमलं."

"एक्स-रे?"

"नापास कुठलाच नाही."

दाजींनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो खोकला. पाण्याच्या दाबाची चाचणीही पार पडली. त्यानंतर मेहुणा गप्प गप्प झाला. ताटातलं ताटातच राहायला लागलं. टॉवेल घेऊन स्टुलावर चढायचा, पण हसायचा नाही. घरची आठवण येत असेल, असं दाजींना वाटलं. त्यांनी बायकोला सांगितलं, रोज फोन करत जा त्याला. इतकं जवळ राहून माणूस किती आंधळा असतो, याला काही सुमार नाही.

पाइपांत वाफ सोडली त्या सकाळी दाजी शेडच्या दुसऱ्या टोकाला होते. जाड कापड टराटरा फाडावं तसा आवाज झाला आणि शेडचा मधला भाग पांढऱ्या वाफेत दिसेनासा झाला. वाफ बंद करून लोक आत शिरले तेव्हा मेहुणा परांचीवर पडला होता. दवाखान्यात पोचेपर्यंतही तो टिकला नाही.

पाइपांना लोकर गुंडाळणारा एक म्हातारा तिथेच खाली काम करत होता. दवाखान्याच्या बाकावर तो दाजींशेजारी येऊन बसला.

"तो लांबून धावत आला. मला ढकललं, पळ म्हणाला, आणि स्वतः वर चढला, वाफ बंद करायला," म्हातारा सांगत होता. "पत्र्याच्या फटीतून जराशी वाफ निघत होती, माझ्याही ध्यानात आली नव्हती. त्याला कसं कळलं कुठे बघायचं ते?"

दाजींना ते पुरतं कळलं होतं. त्या सांध्यावरून मेहुण्याची नजर कितीतरी दिवस हटली नसणार.

तपासनीसाने दाजींना बोलावून टेबलावर पाइपाचा कापलेला तुकडा ठेवला. वरून सांधा सुरेख. आतून मात्र तळाचा थर बसलाच नव्हता, गोलभर काळी चीर. आणि शेजारी ठोकलेला नंबर दाजींचा.

भीतीने केलं होतं पोराने. ज्या नंबराकडे कुणी बघत नाही, तो ठोकला. दाजींना राग यायला हवा होता, पण आला नाही. एकाचं काम दुसऱ्याच्या नंबरावर खपवायचं, हे त्याला शिकवलं कोणी? दाजींनी त्याला शिकवलेली ती एकच तर गोष्ट होती.

"नंबर तुमचा?" तपासनीसाने विचारलं.

"हो."

"सांधाही तुम्हीच भरलात?"

मी तेव्हा इथे नव्हतोच, एवढं म्हणायचा अवकाश होता. मग मेहुण्याचं नाव निघालं असतं, पाठोपाठ परीक्षाही निघाली असती, आणि मेलेल्या पोराला सगळ्यांनी खोटा कामगार म्हटलं असतं.

"मीच भरला. तिकडे जायच्या आधी," दाजी म्हणाले.

कंपनीने त्यांच्या व्हिशावरचा हात काढून घेतला. मेहुण्याचा देह आधीच घरी पोचवला होता; दाजींना चौकशी संपेपर्यंत थांबवून घेतलं, मग जायला सांगितलं. ते खाटेवर बॅग भरत होते तेव्हा बायकोचा फोन आला. ती माहेरीच होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"कंपनीचा माणूस येऊन गेला. सांध्यावर तुमचा नंबर होता म्हणे. खरं सांगा. माझी शपथ आहे. कुणाचा होता तो सांधा?"

दाजींच्या ओठांवर सगळं आलं होतं. तिला सांगितलं तर बिघडलं कुठे? ती बायको होती त्यांची. पण तिच्यामागून सासूबाई बोलल्या.

"अगं, मला एवढंच विचारून सांग जावयांना. माझं पोर काम नीट करायचं ना?"

दाजींनी डोळे मिटले.

"आईंना सांग, त्याच्यासारखा हात इथे कुणाचाच नव्हता."

"आणि तो सांधा?"

"माझा."

दाजींनी बॅगेची चेन ओढली.

"मी निघतोय आज," दाजी म्हणाले. "उद्या पोचेन."

"येऊ नका," बायको म्हणाली. "आई आहे इथे. तुमचं तोंड बघायला लावू नका तिला." मग जरा थांबून म्हणाली, "मलाही."

विमानतळावर न्यायला आलेली कंपनीची गाडी खाली हॉर्न वाजवत होती.