आर्चबिशपच्या चार शपथा

श्रीरामपूरच्या सत्यशीलाबाई उजागरे यांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं खपून आयर्लंडच्या एका आर्चबिशपचं चरित्र लिहिलं. माणूस पाचशे वर्षांपूर्वीचा. राजानं पोपशी फारकत घेतली, तेव्हा यानं राजाशी निष्ठेची शपथ घेतली. राजाचा मुलगा गादीवर आला, प्रार्थना बदलल्या. यानं नवी शपथ घेतली आणि लग्नही केलं. मग पोपला मानणारी राणी आली, धर्मगुरूंना लग्न पुन्हा मना झालं. यानं बायकोला घराबाहेर काढलं, तिसरी शपथ घेतली. पुढच्या राणीच्या वेळी चौथी. मेला तो अंथरुणात, खुर्ची शाबूत.

बाईंचा जीव अडकला होता त्या बायकोत. तिच्यावर त्यांनी तीन पानं लिहिली होती. बाकी काही झालं तरी ती छापून यावीत, एवढंच त्यांचं म्हणणं.

चर्चच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत चरित्र घ्यायचं ठरलं, आणि सेक्रेटरी कल्याण पारखे हस्तलिखित घेऊन घरी आला.

"बाई, चार शपथा जरा जास्त होतात."

"त्यानं घेतल्या चार. मी काय करू?"

"प्रकाशनाला आमदार सूर्यभानराव येताहेत. सभागृहाचा स्लॅब त्यांनीच टाकून दिलाय. आता त्यांचे पक्ष तुम्हीच मोजा."

बाईंनी बोटांवर मोजले. चारच भरले.

"दोन करा," कल्याण म्हणाला.

"इतिहास आहे तो, भाजी नाही."

"मग एकच ठेवा. एक कुणालाच लागत नाही."

"आणि शपथ एकच, तर बायको काढली कशाला?"

"हवापालटाला गेली म्हणा."

बाईंनी हस्तलिखित पुढं ओढलं. "तिची तीन पानं ठेवशील?"

"येशूची शप..."

"शपथ नको," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं तीन शपथा खोडल्या.

प्रकाशनाच्या दिवशी बाईंनी स्टेजवरच स्मरणिका उघडली. आर्चबिशपनं लग्न केलं, आणि पान उलटल्यावर हात जोडलेले सूर्यभानराव, रंगीत. पुढच्या पानावर त्यांचे चिरंजीव. त्यापुढच्या पानावर सूनबाई. तिघंही शुभेच्छुक.

"फोटो आयत्या वेळी आले, बाई," कल्याण कानाशी पुटपुटला. "जागा कुठून आणू?"

सूर्यभानराव भाषणाला उठले. "लई एकनिष्ठ मानूस हुता ह्यो बिशप! येकच शपथ घेतली, ती मरस्तोवर पाळली. आता कुठं ऱ्हायलीत अशी मानसं?"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मग शाल आली, श्रीफळ आलं. शाल खांद्यावर टाकताना सूर्यभानराव हळूच म्हणाले, "बाई, आमचंबी असंच लिवा की येकदा."

माइक बाईंच्या हातात आला. खरं सांगायला तो एक क्षण पुरेसा होता. कल्याणनं डोळे मिटून घेतले होते.

बाईंनी आभार मानले. आधी सूर्यभानरावांचे, मग चिरंजिवांचे, आणि शेवटी, नाव विचारून घेऊन, सूनबाईंचे.