झोपाळू हत्ती

देवासच्या जयाला बाग गावच्या छापील कापडाचे तुकडे स्वस्तात मिळायचे. त्यांचे ती हत्ती शिवायची आणि तिची नणंद अंजू ते ऑनलाइन विकायची. धंदा बरा चालला होता. एके सकाळी सगळे हत्ती साइटवरून गायब झाले. साइटवाल्या कंपनीचा निरोप होता: लहान मुलांची खेळणी विकायची तर आयएसआय मार्क लागेल.

"हत्तीला कसला मार्क?" सासरे बापू म्हणाले. "तो काय प्रेशर कुकर आहे?"

अंजूनं तोड काढली. "वहिनी, अपन खेळणं लिहायचंच नाही. शोभेची वस्तू लिहू. सब चलता है."

हत्ती पुन्हा दिसू लागले. लगेच नागपूरच्या एका बाईंनी विचारलं, "माझी लेक दीड वर्षाची आहे, सगळं तोंडात घालते. तिला दिला तर चालेल ना?"

अंजू 'हो' लिहायला निघाली, तर जयानं तिला थांबवलं. एक हत्ती घेऊन तिनं त्याचा डोळा ओढला. बटण सरळ तिच्या हातात आलं.



"देऊ नका म्हणून लिही," जया म्हणाली. "आणि विक्री बंद ठेव."

मार्क मिळवायचाच असं ठरवून जया एक हत्ती इंदूरच्या प्रयोगशाळेत तपासायला घेऊन गेली; तिथं त्याला यंत्रात धरून ओढलं. कान टिकले, सोंड टिकली, शेपूट गेलं.

घरी येऊन तिनं बटणांऐवजी दोऱ्यानं डोळे भरले आणि शेपटाला दुहेरी टीप मारली. तयार हत्तींची शेपटं ओढून बघायचं काम बापूंनी आपणहून घेतलं. ते दुपारी ओट्यावर बसायचे, आणि शेजारणी हसायच्या.

"हसा," बापू म्हणायचे, "सरकारी काम चालू आहे."

मार्कचा परवाना हातात यायला पावसाळा उलटला. मार्क लागलेल्या हत्तींचे अंजूनं नवे फोटो काढले. दोऱ्याचे डोळे अर्धे मिटल्यासारखे दिसत होते, म्हणून तिनं नाव दिलं 'झोपाळू हत्ती'. पोरांना निजवून थकलेल्या आयांनी ते भराभर मागवले. दिवाळीआधी जयाला दुसरी मशीन घ्यावी लागली, आणि हसणाऱ्या शेजारणींपैकी दोघी शिवायला येऊ लागल्या.

पहिल्या दिवशी जयानं त्यांच्यापुढे कापड ठेवलं आणि म्हणाली, "हत्ती नंतर. आधी शेपूट शिका."