भिंतीपलीकडची कढई

एप्रिलमध्ये माझी बायको कौसल्या गेली. धंतोलीच्या दवाखान्यात बारा दिवस होती. तेराव्याला सगळे नातेवाईक बसले असताना माझी मोठी बहीण गोपिकाबाई म्हणाली, "वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, कढई चढवायची नाही." आमच्या घराची ही रीतच आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षभर तळण होत नाही. मी मान हलवली. वर्षभर जेवायचंच नाही असं कोणी सांगितलं असतं तरी मी मान हलवली असती.

उन्हाळा, पावसाळा कसा गेला ते आठवत नाही. दिवाळीही तशीच गेली. पण डिसेंबर लागला, सकाळी तोंडातून वाफ निघू लागली, आणि कौसल्येबरोबर आणखी काय गेलं ते मला कळलं.

थंडीचे सगळे रविवार आमचे स्वयंपाकघरात जायचे. तुरीच्या शेंगा सोलून सोलेभात व्हायचा, एखाद्या रविवारी वडाभात, एखाद्या रविवारी सांबारवडी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. कौसल्या कढईपाशी बसायची आणि आम्ही ताटं घेऊन तिच्याभोवती. आता मुलगा पियुष कळमेश्वरच्या कंपनीतून येईल तेव्हा जेवतो. सून वैभवी ओट्यापाशी उभ्यानं खाते. नात मिनल कॉलेजात आहे, ती ताट घेऊन खोलीत जाते. माझं ताट झाकून ठेवलेलं असतं. वैभवीच्या स्वयंपाकाला नाव ठेवायला जागा नाही. पण चार माणसं चार वेळा जेवतात. मला भीती वाटायची, की या हिवाळ्यात एकत्र बसलो नाही तर पुढं कधी बसणार नाही.

त्या रविवारी मी बाजारात गेलो. सांबाराचे ढीग लागले होते. ताजा, ओला, गावरान. मी दोन जुड्या घ्यायला वाकलो आणि बारा घेऊन घरी आलो. दर हिवाळ्यात तेवढ्याच आणायचो. हाताला दुसरा हिशेब माहीत नव्हता.

वैभवीनं पिशवी उघडली.

"बाबा, इतका सांबार?"

"चुकलंच," मी म्हटलं.

मी अंगणात चादर टाकली आणि जुड्या सोडून निवडायला बसलो. टाकून तर देता येत नाही. तेवढ्यात भिंतीवरून धम्मानंदचं डोकं वर आलं. एसटीत ड्रायव्हर होता, आता रिटायर आहे. आमच्या दोन घरांत छातीएवढी भिंत आहे, तीस वर्षं आम्ही तिच्यावरूनच बोलतो.

"काय गा महादेवभाऊ, दुकान टाकून राहिले का?"

मागून त्याची बायको सरितावहिनी आली. सांबार पाहून तिचे डोळे मोठे झाले. "वैभवी, वडी करून राहिली का वं?"

वैभवीनं आधी माझ्याकडे पाहिलं. "नाही काकू. कढई चढत नाही ना आमच्याकडे."

"तुमच्याकडे नाही चढत," वहिनी म्हणाली. "आमच्याकडे तर रोज चढते. तुम्ही वड्या वळा, मी तळते."

वैभवी माझ्याकडे पाहत होती, मी सांबाराकडे.

"वळायला तर कोणी मनाई केली नाही," मी म्हटलं.

मग घरात जी धावपळ सुरू झाली ती मी आठ महिन्यांत पाहिली नव्हती. सांबार धुवून उन्हात पसरला. तो कोरडा झाल्याशिवाय चिरायचा नाही, नाहीतर वडी तेलात फुटते. एवढं मला माहीत होतं. मिनल खोबरं किसायला बसली. पियुष झोपेतून उठून आला, "काय चालू आहे?" म्हणाला, आणि मी त्याच्या हातात लसूण दिला. वैभवीनं बेसनात थोडी कणीक आणि गरम तेल घालून घट्ट भिजवलं. सांबार बारीक चिरून त्यात खोबरं, तीळ, खसखस, हिरवी मिरची, लिंबू, चिमूटभर साखर. पारी लाटली, तिच्यावर चिंचेचा मसाला बोटानं फिरवला, सारण भरलं आणि पाकिटासारखी घडी घातली.

मीही एक घातली. ती उशीसारखी दिसत होती.

"आजोबा, ही कोणाची?" मिनल म्हणाली.

"ज्याले मिळेल त्याची."

वैभवी हसली. हसता हसता थांबली आणि म्हणाली, "बाबा, मले वाटे आता खाण्यापिण्याची हौस केली तर तुम्हाले आवडणार नाही. म्हणून मी फोडणीतही हात राखून तेल घालून राहिली होती."

"अन् मले वाटलं तुझंच मन लागत नाही."

"आई गेल्यावर मी एकटी कशी बसू ताट वाढून? तुम्ही बोलवतच नव्हते कोणाले."

ते खरं होतं. मी आठ महिन्यांत कोणाला जेवायला चल म्हटलं नव्हतं. झाकलेलं ताट उघडायचो आणि जेवायचो.

दुपारी पियुषनं भिंतीवरून वड्यांची परात दिली. ठरलं असं होतं, की वहिनी तळून परत देईल. पण पहिला घाणा निघाला तसा तिनं आवाज दिला, "इकडेच या रे सगळे. भिंतीवरून येईपर्यंत मऊ पडतात." मी गेटमधून गेलो. वैभवी कढीचं पातेलं घेऊन आली. पियुष आणि मिनल सरळ भिंत चढले.

आम्ही चटईवर ओळीनं बसलो. ऊन पाठीवर होतं. धम्मानंद एकेक वडी चिमट्यानं ताटात टाकत होता आणि प्रत्येकाला सांगत होता, "ही कुरकुरीत पाहून दिली." सगळ्यांना तेच सांगत होता. पियुषनं सात खाल्ल्या. माझी उशी मिनलच्या ताटात आली, ती म्हणाली, आतून कच्ची आहे, आणि तरी खाल्ली. मला वाटलं होतं वडी तोंडात घातली की मला रडू येईल. आलं नाही. भूक लागली.

तेवढ्यात गेट वाजलं.

खाप्याहून माझी बहीण गोपिकाबाई आली होती. हातात पिशवी, डोक्यावर पदर. आमचं घर उघडं, आत कोणी नाही, म्हणून वासावर इकडे आली होती. मिनलच्या तोंडात अर्धी वडी तशीच राहिली. वैभवी उभी राहिली. धम्मानंदनं चिमटा पाठीमागे धरला, जसं काही चिमट्याचाच गुन्हा होता.

"काय खाऊन राहिला गा, महादेव?"

"वडी, बाई."

"कोणाच्या कढईतली?"

"माझ्या," सरितावहिनी म्हणाली. "त्यांच्या घरी नाही चढली, आत्याबाई."

मी ताट खाली ठेवलं. मोठ्या बहिणीशी मी जन्मात वाद घातला नाही, पण त्या दिवशी बोललो.

"बाई, आठ महिन्यांत आज पहिल्यांदा आम्ही एका ओळीत बसलो. मले वडी नाही पाहिजे. हे पाहिजे. तू रागाव, पण आज मी उठत नाही."

बाईनं पिशवी खाली ठेवली. चटईच्या कडेला बसली. गुडघे दुखतात तिचे, वेळ लागला.

"अरे येड्या," ती म्हणाली, "मी दिवाळीपासून तुह्या फोनची वाट पाहून राहिली. घरातल्यानं कढई चढवायची नसते. लेकीबहिणीनं येऊन चढवली की मोडते ते. माय गेली तेव्हा आत्यानं सहा महिन्यांतच येऊन पुऱ्या तळल्या होत्या. तू लहान होता. तू बोलावशील, मग जाईन म्हटलं. न बोलावता आली तर तुले वाईट वाटेल, कौसल्येले विसरली म्हणशील. शेवटी आज राहवलं नाही, निघाली." तिनं पिशवीकडे बोट दाखवलं. "त्यात काय आहे, पाह्य."

पिशवीत सांबार होता. दहा जुड्या. वर तेलाची बाटली.

आधी मिनल हसली, मग पियुष. धम्मानंद तर चिमटा टाकून खाली बसला. "इतका सांबार खाईन कोण गा?" म्हणत तो डोळे पुसत होता. बाईनं एक वडी मोडून पाहिली. "पारी जाड झाली," म्हणाली. मग चार खाल्ल्या.

दिवेलागणीला बाई आमच्या स्वयंपाकघरात गेली. फळीवरची कढई स्वतः काढली, घासली, गॅसवर ठेवली आणि तेल ओतलं. वैभवी पारी लाटत होती, बाई "आणखी पातळ, आणखी पातळ" म्हणत होती. मिनलनं भिंतीवरून धम्मानंद आणि वहिनीला हाक मारली.

"मी थोड्या वेळानं बसतो," पियुष म्हणाला. "दुपारचंच पोटात आहे."

"काहून? तुहा काय येगळा मुहूर्त आहे का?" बाई म्हणाली.

तो बसला. मिनल बसली. मी वैभवीच्या हातातलं लाटणं घेतलं आणि म्हटलं, "चल वं पोरी, जेवायले बस. मी वाढतो."