सरावाच्या खाटेवरचा आप्पासो

मित्रांनो, मला आजवर कधी ताप आला नाही, खोकला झाला नाही, साधं डोकंही दुखलं नाही. तरी मी जन्मभर आजारी माणसाचं काम केलं. साताऱ्याच्या एका नर्सिंग कॉलेजात ज्या खाटेवर मुली रुग्णाची सेवा करायला शिकतात, त्या खाटेवरचा मी पुतळा. माझं अंग रेक्झिनचं आहे, आत कापूस आणि फोम भरला आहे. डोकं रबराचं आहे आणि गुडघे-कोपरं माणसासारखी वाकतात. कागदोपत्री मला काहीतरी लांबलचक नाव आहे, पण पहिल्याच वर्षीच्या मुलींनी माझं बारसं केलं आणि मी आप्पासो झालो. त्या मुली शिकून गेल्या, दुसऱ्या आल्या, त्यांच्या मागून तिसऱ्या आल्या. नाव मात्र तेच राहिलं.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात झाला. मला शिवणाऱ्या बाईंनी शेवटचा टाका घालून माझ्या पोटावर थोपटलं होतं, एवढंच आठवतं. मग खोक्यात बसून मी साताऱ्याला आलो आणि कामाला लागलो. काय काम विचाराल, तर पडून राहायचं! मुलींनी माझं अंग पुसलं, माझं केस नसलेलं डोकं धुतलं, मला बँडेज बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. माझ्या दंडात इतक्या सुया टोचल्या गेल्या की तिथली चामडी चाळणीसारखी झाली. कुणी चुकली तरी मी रागावलो नाही. राजेश्वरी मॅडम आमच्या शिक्षिका. त्या म्हणायच्या, "चुकायचं ते इथं चुका. आप्पासो कुणाला सांगणार नाहीत." मला तेव्हा फार मोठेपणा वाटायचा.

पुढे एक नवा पुतळा आला. त्याची छाती वरखाली होते, मनगट धरलं तर नाडी लागते. मुली त्याच्याभोवती जमल्या. त्याच सुमारास माझा उजवा खांदा शिवणीत उसवला, आतला कापूस बाहेर डोकावू लागला आणि मला कपाटाच्या मागे उभं केलं. भिंतीकडे तोंड करून उभं राहणं फार कंटाळवाणं असतं, मित्रांनो. पाठीमागे मुली हसतात, बोलतात, आणि आपल्याला नुसता चुना दिसतो.

तिथून मला शिफानं बाहेर काढलं. शिफा वाईची. तिचे वडील पीरमहंमद गाद्या भरतात, त्यामुळे दाभण तिच्या हाताला लहानपणापासून ओळखीचं. सुट्टीवरून येताना ती दाभण आणि जाड दोरा घेऊन आली आणि तिनं माझा खांदा गादीच्या टाक्यानं शिवला. टाके थोडे जाडेभरडे झाले, पण असे पक्के की आजतागायत एक निसटला नाही. शिवून झाल्यावर म्हणाली, "आप्पासो, दुखलं नाही ना?"

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. "काय गं, काय म्हणतोय तुझा आप्पासो?"

"म्हणतोय, तुमच्यापेक्षा शिफाचा हात हलका आहे," ती म्हणाली.

तिची ही सवयच होती. मॅडमनी शिकवलेली पहिली पायरी अशी, की रुग्णाला हात लावण्याआधी त्याला नावानं हाक मारायची आणि आपण काय करणार ते सांगायचं. बाकीच्या मुली पाढे म्हणावेत तसं ते वाक्य भरभर म्हणून टाकत. शिफा मात्र म्हणायची आणि थांबायची, जणू मी खरंच मान डोलावणार आहे. मला ते आवडायचं. पण खरं सांगू? ती का थांबते, ते मला कळत नव्हतं.

ते मला म्हसवडच्या बाजूला गेल्यावर कळलं.

तिसऱ्या वर्षाला मुलींना खेड्यात जाऊन काम करावं लागतं. शिफाला म्हसवडजवळच्या एका वाडीत पाठवलं. तिथल्या घराघरांत अंथरुणाला खिळलेली माणसं होती, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना शिकवायचं होतं. नवा पुतळा महाग, त्याला कॉलेजाबाहेर कोण नेणार? म्हणून माझी निवड झाली. शिफानं मला चादरीत गुंडाळलं आणि एसटीत खिडकीशी बसवलं.

कंडक्टर आले. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "ह्या बाबांचं तिकीट?"

"काका, हे डमी आहेत. सरावाचे."

"आसंना का. सीट आडवली न्हवं? वय किती म्हनायचं? पंच्याहत्तर पुरी आसतील तर फुकाट जाऊ द्या." सगळी गाडी हसली. मागची एक म्हातारी म्हणाली, "बरा हाय की गप बसून. आमच्या म्हाताऱ्यापरीस गुनाचा!" कंडक्टरांनी अखेर मला सामान ठरवलं आणि सामानाचं तिकीट फाडलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रवास. उजाड माळ, बाभळी, मधेच पिवळं गवत आणि त्यात विखुरलेली मेंढरं. भिंतीकडे तोंड करून उभं राहिलेल्याला हे सगळं किती मोठं वाटलं असेल, तुम्हीच विचार करा.

वाडीत आम्ही ज्या घरी गेलो ते भाऊसो आजोबा आणि बयाबाई आजींचं घर. दोघांचं सारं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलेलं. दिवाळी झाली की कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. आता मेंढरं त्यांच्या मुलाकडे, मल्हारकडे होती आणि तो कळप घेऊन लांब गेला होता. घरात दोघंच. भाऊसो आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. डावी बाजू लुळी पडली होती, बोलणं गेलं होतं. दिवसभर ते उताणे पडून असत. तसं सतत पाठीवर पडून राहिल्यानं त्यांच्या माकडहाडापाशी जखम झाली होती.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की ह्यांना दोन-दोन तासांनी कुशीवर वळवलं तरच जखम भरेल. ती खोल गेली, तर साताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागेल. बयाबाई आजींना ह्या एकाच गोष्टीची धास्ती होती.

"तितं नेऊ नगा," त्या शिफाला म्हणाल्या. "उघड्या माळावर निजल्यालं मानूस हाय त्ये. चार भित्तीत कोंडलं की जाईल. आन् मी कुनाच्या आधारानं ऱ्हाऊ तितं?"

"मग वळवायला शिका की आजी. मी शिकवते."

"मी बोटबी लावनार न्हाई. लावलं की वराडत्यात. मला बघवत न्हाई गं."

रोज सकाळी शिफा जाऊन जखम धुवायची, पट्टी करायची, त्यांना कुशीवर वळवून यायची. पण एकदा ती निघाली की दिवसभर कुणी हात लावत नसे. जखम होती तिथंच होती. आणि शिफाला वाडीत आता थोडेच आठवडे उरले होते.

तेव्हा तिनं मला ओसरीवर अंथरलेल्या पोत्यावर निजवलं. "आजी, आधी ह्यांच्यावर हात बसवू. गुडघा असा उभा करायचा. हात छातीवर घ्यायचा. एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि आपल्याकडे ओढायचं. जोर लावायचा नाही, अंगाचा भार वापरायचा."

बयाबाई आजींनी पदर खोचला. शेळ्या-मेंढ्या उचललेले ते हात! पहिल्याच खेपेला त्यांनी मला असं अलगद वळवलं की मी पाठीमागचं तुळशीवृंदावन पाहू लागलो. शिफानं वाईहून वडिलांकडून भरून आणलेल्या छोट्या उशा दिल्या. एक पाठीशी, एक दोन्ही गुडघ्यांच्या मधे, एक घोट्याखाली, टाच टेकू नये म्हणून. आजींनी त्या नीट लावल्या.

"आता आधी नावानं हाक मारून सांगायचं, 'तुम्हाला वळवते', आणि मग हात लावायचा," शिफा म्हणाली.

आजींनी तोंडाला पदर लावला. "आगं बया! नवऱ्याचं नाव घिऊ व्हय? हितनं तितनं सगळी वाडी हसंल."

शिफाही हसली. "बरं, राहू दे," म्हणाली. ती आत गेली आणि तिच्यामागून बयाबाई आजी. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं.

आजी खाटेच्या डाव्या बाजूला गेल्या. गुडघा बरोबर उभा केला. हात छातीवर घेतला. खांदा धरला. आणि भाऊसो आजोबा असे किंचाळले की अंगणातली कोंबडी उडाली. आजींचे हात सुटले. त्या धावत ओसरीवर आल्या आणि माझ्याशेजारी मटकन बसल्या.

"बगितलंस? त्यो तुजा रबराचा बाबा गप ऱ्हातो गं. आमचं मानूस हाय. त्येला दुकतंय!"

मित्रांनो, तेव्हा मला प्रथमच स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं मी गप्प पडून राहिलो आणि त्याला मोठेपणा समजत होतो. मी कधी कण्हलो नाही, कधी दचकलो नाही. मग माझ्यावर शिकलेल्यांना दचकणारं माणूस कसं सांभाळायचं हे कुठून कळणार?

शिफानं मला उचललं आणि भिंतीला टेकवून बसवलं. "आजी, तुम्ही निजा इथं. डोळे मिटा."

"मी कशापाई?"

"निजा तर खरं."

आजी कुरकुरत पोत्यावर आडव्या झाल्या, डोळे मिटले. शिफा पाय न वाजवता मागून गेली आणि तिनं एकदम त्यांचा खांदा धरला.

"आय्यो!" आजी ताडकन उठून बसल्या. "मेले असते की गं भवाने!"

"दुखलं?"

"दुकलं कुटं? दचाकले!"

"आजोबांनाही दुखत नाही, आजी. त्यांच्या डाव्या बाजूचं त्यांना नीट कळत नाही. कोण आलं, कुणाचा हात लागला, काही समजत नाही. एकदम कुणीतरी ओढतं एवढंच कळतं. रोज मी वळवते तेव्हा ओरडतात का?"

आजींनी मान हलवली. ओरडत नव्हते खरे.

"कारण मी उजवीकडून येते, तोंडासमोर उभी राहते आणि सांगते. आणि थांबते."

थांबते! मी भिंतीला टेकून ऐकत होतो. कॉलेजात माझ्याजवळ ती का थांबायची, ते मला आत्ता समजलं. ती माझ्यासाठी थांबतच नव्हती. पुढे कधीतरी भेटणाऱ्या अशा एखाद्या आजोबांसाठी ती थांबायला शिकत होती.

"पर मी काय म्हनू त्यांस्नी?" बयाबाई आजींचा आवाज बारीक झाला. "जल्मात कवा नाव घेटलं न्हाई."

"मग रानात त्यांना कसं बोलवायचात? कळपाच्या एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला ते."

आजी म्हणाल्या, "हाळी घालायची की. मेंढरास्नी घातल्यागत. त्यांस्नी बराबर कळायचं, ही मेंढरास्नी न्हाई, मला हाय."

"मग घाला ना."

"घरात? येडी का खुळी तू?" पण त्या उठल्या. आत गेल्या. ह्या वेळी उजवीकडून गेल्या, खाटेसमोर उभ्या राहिल्या. एकदा दाराकडे पाहिलं, रस्त्यावर कुणी नाही ना म्हणून. मग हळूच, ओठांतल्या ओठांत हाळी घातली.

"ह्योऽऽय."

भाऊसो आजोबांची छताला लागलेली नजर खाली आली आणि आजींवर थांबली.

"ह्योऽऽय! मी हाय. कुशीवर घेत्ये आता. भ्यायाचं न्हाई." आणि त्या थांबल्या. खूप थांबल्या. आजोबांचं अर्धं तोंड हललं. आतून घोगरा, मोडका आवाज आला, "...ह्यो."

आजींनी गुडघा उभा केला, हात छातीवर घेतला, खांदा आणि कंबर धरली. आजोबा वळले. ओरडले नाहीत. आजींनी पाठीशी उशी लावली, गुडघ्यांत लावली, घोट्याखाली लावली. मग त्या खाटेच्या कडेला बसून पदरानं डोळे पुसू लागल्या आणि शिफाला म्हणाल्या, "बगत काय बसलीयास? च्या ठेव."

घड्याळ आजींना येत नव्हतं, पण त्याचं काही अडलं नाही. सकाळची एसटी गेली की एकदा, शाळेची मधली सुट्टी झाली की एकदा, शेजारची गुरं पाण्याला निघाली की एकदा, अशा दोन-दोन तासांच्या खुणा त्यांनी धरल्या. आजोबांची कूस अशी दिवसभर बदलू लागली. हळूहळू जखमेचा ओलावा गेला, कडा आत येऊ लागल्या. राजेश्वरी मॅडम पाहायला आल्या तेव्हा जखम पाहून त्यांनी आजींचे दोन्ही हात हातात घेतले. साताऱ्याला न्यायची गोष्ट मग कुणी काढली नाही.

निघायच्या दिवशी शिफा मलाही घेऊन निरोप घ्यायला गेली. आजी अंगणात तिच्याशी बोलत उभ्या राहिल्या. बोलण्याच्या नादात शाळेची मधली सुट्टी झालेली त्यांना कळलीच नाही. तेवढ्यात घरातून आवाज आला. मोडका, पण मोठा.

"ह्योऽऽ!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग बयाबाई आजी लगबगीनं आत पळाल्या. "आले! आले की! किती घाई ती!"

शिफा साताऱ्याला परत गेली. मी मात्र वाडीच्या आरोग्य उपकेंद्रातच राहिलो. आता मुलींऐवजी सुना, लेकी, कधी एखादा संकोचलेला मुलगा, असे घरी कुणाला तरी सांभाळणारे लोक माझ्यावर हात बसवायला येतात. माझं रेक्झिन विरलंय, कानाजवळचं रबर चिरलंय. कुणी जपलं तर अजून काही वर्षं काढीन. नाही जपलं तरी माझी तक्रार नाही.

पण एक विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी आजी, आजोबा, कुणीही अंथरुणावर असेल, तर त्यांच्यासमोर जा, आपण कोण ते सांगा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर नुसत्या डोळ्यांनी येईल, कदाचित उशिरा येईल. मगच हात लावा. मला न सांगता उचललंत तरी चालेल, मी रेक्झिनचा आहे. त्यांना नाही चालणार.