नऊ नंबरचा बुश

माणसाचं मोठेपण तो काय विकत घेतो यात नसतं. हाती आलेल्या वस्तूला तो कोणत्या उंचीला नेतो, यात असतं.

हा विचार मी आमच्या छोट्या गाडीत उताणा पडून मांडला. ड्रायव्हरची सीट काढलेली, डोकं पेडलांखाली, पाय मागच्या सीटवर, आणि तोंडात दोन स्क्रू. त्यामुळे मेव्हण्याला त्यातलं अक्षरही कळलं नाही. त्याला वाटलं मी अडकलोय. त्याने माझे दोन्ही पाय धरून मला बाहेर ओढलं. मग एक स्क्रू मी गिळला की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी तो माझ्या कॉलरमध्ये सापडला. मेव्हण्याने तो पुसून, मोजून, डबीत ठेवला आणि म्हणाला, "भाऊजी, कामाच्या वेळी बोलत जाऊ नका."

मला बोलायचं नव्हतंच. मला झोपायचं होतं. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने गाडीच्या फरशीवर पडून वर बघू नये. तिथे बघण्यासारखं काही नसतं आणि उठायला दुसरा माणूस लागतो.

हे सगळं कशासाठी, तर आमच्या हिच्या डाव्या गुडघ्यासाठी.

ही एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. आठ महिन्यांपूर्वी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पडली. शेवटची पायरी संपली असं तिला वाटलं, पायरीचं मत वेगळं होतं. गुडघा जोडला, चालता झाला. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, हरकत नाही, पण डाव्या पायावर जोर नको. आमच्या गाडीचा क्लच म्हणजे निव्वळ जोर. चौदा वर्षांची गाडी, पेडल दाबायचं तर अंगणातला खुंटा ठोकल्यासारखं दाबावं लागे. हिने एकदा गल्लीत करून पाहिलं. दहा पावलं गाडी गेली असेल. उतरली तेव्हा चेहरा पांढराफटक होता. आत गेली आणि किल्ली खिळ्याला अडकवून आली.

तिला गाडी हवी होती बुधवारसाठी. पुलापलीकडे तिची मैत्रीण राहते. दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना तीस वर्षं उभ्या राहिलेल्या. ती मैत्रीण आता दोन वर्षं अंथरुणाला आहे. ही दर बुधवारी जायची, तिचे केस विंचरायची, नखं कापायची, आणि दोघी काय बोलायच्या ते देव जाणे, पण परत येताना हिचा चेहरा धुतल्यासारखा असायचा. पडल्यापासून मी तिला नेऊ लागलो. मी त्या खोलीत खुर्चीवर बसलो की त्या दोघी हवामानावर बोलतात. खाली गाडीत थांबतो म्हटलं, तर मैत्रीण वरून हाका मारते, "अहो, उन्हात काय बसलात, वर या." वर गेलो की पुन्हा उकाडा, वारा, ढग.

एका सकाळी चहा घेताना ही म्हणाली, "मला तो क्लच तेवढा हलका करून द्या. बाकी काही नको."

माझी चूक एवढीच की हे मी तिच्या धाकट्या भावाला फोनवर सांगितलं.

हा मेव्हणा कारखान्यात तपासनीस होता. दुसऱ्याने बनवलेली वस्तू केसभर चुकली आहे हे सांगणं हा त्याचा धंदा. कारखान्यात त्याला मायक्रॉन म्हणत, आणि त्याला तो मान वाटे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो तीन पिशव्या घेऊन दारात उभा.

"ताईची गाडी आहे," तो म्हणाला. "करायचं तर नीट करू."

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला सहज डोकावला होता. पेडल एकदा दाबून म्हणाला, "काका, केबल संपलीय. केबल टाका, पेडलच्या सांध्यातला बुश बदला, ग्रीस मारा. पाठवून द्या गाडी, दोन तासांचं काम."

"बुश म्हणजे?" मी विचारलं.

त्याने करंगळीचं टोक दाखवलं. "एवढी प्लास्टिकची गोल कडी. ती झिजली की लोखंडावर लोखंड घासतं. मग जड लागणारच."

तो गेल्यावर मायक्रॉन म्हणाला, "दोन तासांत काय होतं हो? गाडी आपली, पाय ताईचा, आणि हात परक्याचा?"

आम्हाला एकोणीस दिवस लागले.

कारण मायक्रॉनच्या मते क्लच हा शेवटचा मुद्दा होता. आधी बसणं. सीट दोन इंच उंच हवी, म्हणजे गुडघा कमी वाकेल. हे खरं होतं, म्हणून मी मान डोलावली, आणि तिथून पुढे मान डोलावणं हेच माझं काम झालं. मग स्टिअरिंगला जाड कव्हर. मग पायाखाली निळा दिवा, कारण पेडल दिसायला हवं. पेडल चौदा वर्षं कुणी पाहिलं नव्हतं, पण असो. मग मागे भिंत आली की बोलणारं यंत्र. त्यातली बाई फार काळजीवाहू निघाली. भिंत आली, मांजर आली, मी मागून चालत गेलो, तरी ती म्हणे, "कृपया सावध राहा." मायक्रॉन एकदा डिकीजवळ शिंकला तेव्हाही म्हणाली. माझ्याशी इतक्या आदराने घरात कुणी बोलत नाही, म्हणून सुरुवातीला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी तिच्या तोंडावर गोधडी टाकली.

ही रोज चार वाजता शेडमध्ये खुर्ची टाकून पाय स्टुलावर ठेवून बसे. "क्लच?" एवढंच विचारी.

"येतोय, ताई. टप्प्याटप्प्याने."

"माझ्या बुधवारांना टप्पे नाहीत रे," ती म्हणाली. तोपर्यंत दोन बुधवार गेले होते. दोन्ही वेळा मी गाडी बोलावून तिला नेलं आणि हवामान ऐकून आलो. दुसऱ्या खेपेला तर त्या दोघी गारपिटीपर्यंत पोचल्या.

अखेर सतराव्या दिवशी आम्ही पेडलाला हात घातला. आणि इथे आमचं शिक्षण आडवं आलं.

मी चौतीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात होतो. येईल त्या कागदाला येईल त्या क्रमाने नंबर द्यायचा, हे माझ्या रक्तात. त्यामुळे जो भाग आधी निघाला त्याला मी एक नंबर दिला, पुढच्याला दोन, असे सतरा भाग. निळ्या पट्ट्या, सुबक अक्षर. मायक्रॉनच्या कारखान्यात नंबर जोडणीच्या क्रमाने असत. म्हणजे जो आधी बसणार तो एक. सगळं उघडून झाल्यावर त्यानेही त्याच भागांना पिवळ्या पट्ट्या लावल्या. जे शेवटी निघालं ते आधी बसणार, म्हणजे त्याचे नंबर माझ्या नंबरांच्या बरोबर उलटे.

"तुमचा एक तो माझा सतरा," तो म्हणाला.

"मग एकच पद्धत ठेवू."

"ठेवू की. माझी."

"का? तुझी का?"

"भाऊजी, तुमच्या पद्धतीने गाडी उघडता येते. माझ्या पद्धतीने बंद करता येते. आपल्याला बंद करायचीय."

हे मला पटलं, आणि दुसऱ्याचं पटलं की मी हट्ट धरतो. दोन्ही पट्ट्या राहिल्या. जोडायच्या दिवशी मी माझ्या वहीतून उलटे आकडे वाचायचे, त्याने त्याच्या वहीतून सुलटे, आणि प्रत्येक भागाला एकदा भांडायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे तसं झालं.

"सोळा," मी.

"दोन," तो.

"सोळाच."

"दोनच. आणा इकडे."

दुपारी दोनपासून पाचपर्यंत हे चाललं. माझी कंबर गेली, त्याचा खांदा गेला. नवी केबल बसली, ग्रीस लागलं, सगळं आवळलं, सीट चढवली. पाचला आम्ही दोघंही शेडच्या भिंतीला टेकून बसलो, एकमेकांकडे न बघता. चहा समोर आला तर कप उचलायलाही कुणी तयार नव्हतं.

ही उठली. गाडीत बसली, सीटची उंची बरोबर होती, गुडघा अलगद आत गेला. मायक्रॉनने माझ्याकडे पाहिलं. तिने पाय क्लचवर ठेवला आणि दाबला.

आतून आवाज आला. जुनं फाटक ओढल्यासारखा, लांब, खालच्या पट्टीतला. पेडल अर्ध्यावर अडकलं. तिने पुन्हा दाबलं. या वेळी तिचा खालचा ओठ दातांखाली गेला. पूर्वीपेक्षा जड.

मागची बाई गोधडीतून म्हणाली, "कृपया सावध राहा."

ही हळूच पाय काढून घेऊन तशीच बसून राहिली. निळ्या दिव्यात तिची पावलं फार म्हातारी दिसली. आम्हाला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "दमलात तुम्ही."

एवढंच. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा मला खरोखर दमल्यासारखं झालं. उद्या बुधवार होता.

मायक्रॉन म्हणाला, "ताई, केबल नवी आहे. ग्रीस मी स्वतः लावलंय. काही राहिलेलं नाही."

ही सीटवरून वळली. तो आवाज मी ओळखतो. थिएटरमधला आहे, घरात वर्षातून एकदा निघतो.

"किती भाग काढले होते?"

"सतरा," आम्ही दोघं म्हणालो. या आकड्यावर वाद नव्हता.

"लावलेले मोजलेत?"

मायक्रॉन वही चाळू लागला, म्हणून मीही माझी चाळली.

"पोट शिवायच्या आधी मोजायचं असतं," ती म्हणाली. "शिवल्यावर नाही. आणा त्या वह्या. आता एकेक नंबर सांगा, आणि तो कुणी लावला ते सांगा. 'लावला' म्हणायचं नाही. 'मी लावला' म्हणायचं."

आम्ही शाळेतल्यासारखे समोर उभे राहिलो.

"सतरा," मी.

"एक," मायक्रॉन. "मी लावला."

"सोळा."

"दोन. भाऊजींनी दिला, मी लावला."

असं करत करत दहापर्यंत आलो. दहा म्हणजे त्याचा आठ. मग मी वहीत पाहिलं आणि म्हणालो, "नऊ."

मायक्रॉन म्हणाला, "नऊ."

मी वहीतून मान वर केली.

"तुझा पण नऊ?"

"तुमचा पण?"

हिने चष्मा खाली केला. "कुणी लावला?"

"भाऊजींनी," तो म्हणाला. "म्हणजे... तिथे भांडण झालं नाही ना. मला वाटलं तुम्ही लावला."

"मला वाटलं तू."

सतरा भागांत मधला भाग तेवढा दोन्हीकडून मोजला तरी नववाच येतो. आमचं पूर्ण एकमत असलेली ती एकच वस्तू होती, आणि एकमत होतं म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

"नऊ म्हणजे काय?" ही.

मी वहीत वाचलं. "बुश."

नवा बुश मायक्रॉनच्या चष्म्याच्या डबीत होता. हरवू नये म्हणून त्याने तिथे ठेवला होता. पांढरा, हलका, करंगळीच्या टोकाएवढा. त्याला जुन्यावरची निळी पट्टी होती, पिवळी पट्टी होती, दोन्हीवर नऊ होतं, आणि पट्ट्यांमुळे बुश दिसत नव्हता.

"भाऊजी, तुमची पद्धत वाईट नाही तशी," मायक्रॉन म्हणाला.

"तुझीही," मी म्हणालो. आमच्या चाळीस वर्षांच्या नात्यात इतकं प्रेमळ संभाषण पूर्वी झालं नव्हतं.

सकाळी पुन्हा सीट काढली. पुन्हा मी उताणा. या वेळी मोठा विचार सुचला तरी मी तो गिळला. नंबर हीच पुकारत होती, आणि प्रत्येकाला आम्ही "मी लावला" म्हणत होतो, इतक्या मोठ्याने की शेजारच्या बाईने खिडकी उघडून कुणाचं लग्न ठरलं का म्हणून विचारलं. अडीचला शेवटचा स्क्रू बसला. डबी रिकामी, कॉलर रिकामी.

ही बसली. दाबला. पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं आणि तसंच वर आलं. तिने परत दाबला. परत. चार-पाच वेळा, नुसतंच, लहान मुलासारखं.

"चला, चाचणी," मायक्रॉन म्हणाला आणि अवजारांची पिशवी घेऊन मागे बसला. मी शेजारी. ही गल्लीतून निघाली, कोपऱ्यावर वळली, गॅरेजवाल्यासमोरून गेली. तो हात पुसत बघत राहिला. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला गिअर, एकदाही ओठ दातांखाली गेला नाही. पूल लांबून दिसला तिथून वळवून तिने गाडी परत आमच्या फाटकाशी आणून उभी केली. इंजिन चालूच ठेवलं.

आम्ही वाट पाहत होतो. मायक्रॉनने घसा साफ केला. दुसऱ्या टप्प्यात छताला खिडकी काढावी असं त्याच्या मनात होतं, त्याचं चित्रही त्याने काढून आणलं होतं. माझ्याही मनात दोन शब्द तयार होते, एकोणीस दिवसांना साजेसे.

ही आरशात बघून केस सारखे करत म्हणाली, "छान झालाय क्लच."

"ताई, अजून खरं तर..."

"तीन वाजत आलेत," ती म्हणाली. "आता दोघंही उतरता का? आणि दार जरा हळू लावा."