ठिणगीचा गूळ

संध्याकाळी भट्टीचं तोंड उघडलं की आमच्या रिसालीच्या वस्तीवरचं सारं आकाश पळसाच्या रंगाने भरून येई, आणि त्या उजेडात मुरुमाच्या वाटेवरून घरी येणारा माझा दादा आधी ऐकू येई, मग दिसे. उजवं पाऊल ठाम पडे. डावं त्याच्यामागून घासत, वाटेची क्षमा मागत आल्यासारखं येई.

वैनगंगेकाठच्या धानाच्या बांध्या सोडून तो भिलाईला आला, तेव्हा कारखाना अजून अर्धा खड्डा आणि अर्धा लोखंडी सांगाडा होता. मॅट्रिक झालेल्या मला त्याने मागाहून आणलं. मी प्राथमिक शाळेत शिकवू लागले, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात आम्ही दोघंच राहत होतो. वितळलेलं लोखंड पाटातून धावू लागलं की तो कपाळावर आडवा हात धरून बघत राही, बाबा लोंब्यांवर आलेलं धान बघत तसा. हे मला त्याच्या सोबत्याने, समारूने, हसत हसत सांगितलं होतं.

भट्टीवरच्या गड्यांत तेव्हा एक रीत पडली होती. अंगावर ठिणगीचा पहिला डाग उठला की त्या माणसाच्या नावाने गूळ वाटायचा. तोवर तो पाहुणा. दादाला दीड वर्ष झालं तरी डाग नव्हता, आणि त्याच्यावरची थट्टा ओसरत नव्हती. मग एका हिवाळ्यात त्याच्या डाव्या नडगीवर बारीक पुळी आली, फुटली आणि चरत गेली. समारूने ती पाहिली आणि साऱ्या पाळीला ऐकू जाईल असा ओरडला, "अब तैं हमर भट्ठी के मनखे हो गेस, भाई!" आता तू आमच्या भट्टीचा माणूस झालास, असं.

कागदात बांधलेला गुळाचा खडा दादाने माझ्या हातावर ठेवला. मी विचारलं, "ठिणगी कधी लागली?"

"लागलीच असंल. समदे म्हणून राहिले ना."

तो हसत होता. इतका मोकळा तो क्वचितच हसे. मी खडा तोंडात टाकला.

मला मात्र दुसरंही ठाऊक होतं. वर्षभर तो ताटावरून अर्ध्यातच उठत होता, मी जागी होण्याआधी आपलं धोतर स्वतः धूत होता, आणि धुऊनही त्यावर रक्ताची पुसट तांबूस कडा उरत होती. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. भावाबहिणीने बोलायचं ते नव्हे, असं आम्हा दोघांनाही वाटत असावं.

जखम तळहाताएवढी झाली. तिची कड पिकल्या जांभळासारखी, आतून पोखरलेली. वाऱ्याची झुळूक लागली तरी तो दात आवळी. कारखान्याच्या डॉक्टरांकडे जायला तो तयार नव्हता. दुर्गच्या एका खाजगी डॉक्टरकडे निघालो तेव्हा टांग्यात त्याने हळूच बजावलं, "पोटाचं काई नोको सांगू त्याले, बाई."

"कावून?"

"भट्टीवरून काढतीन मले. अन् मी भट्टीवर पोट घेऊन जातो का? पाय घेऊन जातो."

डॉक्टर सज्जन होते. भाजल्याची जखम चिघळली आहे, मेलेलं मांस काढावं लागेल, असं म्हणून त्यांनी विचारलं, "आणखी काही त्रास?" शिकलेली म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी खरवडलं; आठवड्यात जखम दुप्पट झाली. पुन्हा खरवडलं. तीनदा. मधल्या दिवसांत मी पाणी उकळून, चिमट्याने एकेक सैल तंतू वेचून काढत असे. फळा पुसावा तसं मी ते मांस स्वच्छ करी, आणि दर सकाळी ते आणखी पसरलेलं असे.

शेवटी नागपूर गाठलं. तिथल्या वृद्ध डॉक्टरांनी जखमेला बोटही लावलं नाही. वाकून तिची कड कितीतरी वेळ पाहिली आणि विचारलं, "पोट कसं आहे?"

दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी सांगितलं, सगळं, धोतरासकट.

"हे ठिणगीचं नाही," ते म्हणाले. "आतड्याला सूज असते त्यांच्यातल्या काहींच्या कातडीवर हे उठतं. याला जितकं कापावं तितकं हे पसरतं. हात लावायचा नव्हता हो, बाई."

नव्या औषधाच्या पांढऱ्या बारीक गोळ्या आणि नुसती ओली पट्टी, एवढंच त्यांनी दिलं. ठणका काही दिवसांत थांबला, आणि पळस फुलून गळेपर्यंत जखम बुजली. वर आलेली कातडी पातळ, चाळणीसारखी बारीक खळग्यांची. दादा सरळ चालू लागला. आतडं मात्र तोवर झिजून गेलं होतं. चैत्रातल्या एका सकाळी त्याचं पोट लाकडासारखं कठीण झालं. दुपारची पाळी सुटायच्या आत तो गेला.

गडी आले. समारूने त्या पायावरून हात फिरवला. "देख तो दीदी, घाव तो भर गे रिहिस." दहाव्या दिवशी त्यांनी, भट्टीचा माणूस म्हणून, दादाच्या नावाने पुन्हा गूळ वाटला. तोही मी घेतला, आणि दुर्गला पोटाचं सांगितलं नाही तसंच तो डाग ठिणगीचा नव्हता हेही सांगितलं नाही.

आजही आकाश लाल झालं की मी वाटेकडे कान देते, आणि ऐकू येतं ते घासत येणारं पाऊल. बऱ्या झालेल्या पायाचा आवाज मला आठवतच नाही, तो फार थोडे दिवस होता. काळ सगळं भरून काढतो, असं लोक समजावतात. भरून आलेला पाय मी पाहिला आहे. शेवटच्या आंघोळीनंतर तो मीच पुसला होता.