हामाकाझेहून परत

"उरुबाशी, बूट!" ओगाताबाईंनी दारातून दुसऱ्यांदा हाक मारली.

उर्वशी, जपानी तोंडात उरुबाशी, कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून होती. बूट पायांशीच पडले होते, पण नाडीपर्यंत हात जात नव्हता. गुडघ्यांत, कोपरांत, पाठीच्या मणक्यात कोणी आतून पाचर ठोकत असल्यासारखं होत होतं. बाहेर मैदानावर रात्रीचं बर्फ अजून विरघळलं नव्हतं आणि मुलींचं धावणं सुरू झालं होतं. ती उठली, दोन पावलं चालली आणि भिंतीला धरून खाली बसली.

"मायवं," ती एवढंच म्हणाली. त्या खोलीत ते कोणालाच कळलं नाही.

हामाकाझे हा बायकांचा फुटबॉल क्लब. जपानमधल्या समुद्रकाठच्या एका लहान शहरातली सूतगिरणी तो चालवायची आणि मुलींना खेळण्याचाच पगार द्यायची. आदल्या वर्षी, सत्त्याण्णव साली, क्लबच्या प्रशिक्षक ओगाताबाई नागपुरात एका शिबिराला आल्या होत्या. सावली तालुक्यातली ही किडकिडीत मुलगी उजव्या कडेनं चेंडू घेऊन सुटली की मागचे थांबूनच जातात, हे त्यांनी पाहिलं आणि तिला एका मोसमासाठी बोलावलं.

तिला खेळ शिकवणारे मुबीन सर सावलीच्या शाळेत होते. बातमी घेऊन ते स्वतः सायकलनं गावात आले, तेव्हा उर्वशीचा बाप, मुखरू, धानाच्या बांधावर बसला होता.

"बाईमानसाले खेळाचा पगार?" मुखरू म्हणाला. "असा कोनता येडा देते, सर?"

"देते ना, मुखरूभाऊ. जपानवाले देते. तुमची पोरगी अशी पळते की पूछो मत."

"तिकडं गेली अन् तिले काई झालं तं?"

"इथी ठेवून काय होणार आहे?" सर म्हणाले. उर्वशी जपानला गेली.

पहिले दोन महिने तिला सगळं स्वप्नासारखं वाटलं. शेजारच्या खाटेवरची युकी ही गोलकीपर तिला रोज एक शब्द शिकवायची. सरावाच्या सामन्यात उर्वशीनं पहिला गोल केला तेव्हा मुली तिच्या अंगावर अशा कोसळल्या की तिला श्वास घेता येईना, आणि तरी त्यांनी उठू नये असं वाटत होतं. मग थंडी वाढली. आधी बोटं दुखली, नंतर पाय. लहानपणीही अंग दुखायचं. आई मोहाच्या तेलानं चोळून द्यायची आणि दोन दिवसांत ती पुन्हा धावायला लागायची. म्हणून तिनं कोणाला सांगितलं नाही.

त्या सकाळी तिला दवाखान्यात नेलं, तिथं तिच्या उशाशी नाकामुराबाई आल्या. त्या तिथल्या विद्यापीठात हिंदी शिकवायच्या. त्यांची हिंदी रेडिओवरच्या बातम्यांसारखी होती.

"आपके रक्त की कोशिकाएँ विकृत हैं," त्या म्हणाल्या.

कोशिका म्हणजे काय, उर्वशीला कळलं नाही. मग नाकामुराबाईंनी कागदावर पेन्सिलीनं एक गोल काढला आणि शेजारी विळा. थंडी लागली, अंगातलं पाणी कमी झालं, दम लागला की रक्तातल्या गोल पेशीचा असा विळा होतो. मग हे विळे बारीक शिरांत एकमेकांत अडकतात. म्हणून दुखतं. या आजाराला सिकलसेल म्हणतात. हा लागत नाही, कोणी लावत नाही. आई आणि बाप दोघांच्याही रक्तातून थोडा थोडा आला, तरच मुलाला होतो.

"डॉक्टर पूछते हैं, घर में और किसी को था?"

उर्वशीनं डोळे मिटले.

तिची थोरली बहीण चंदा. तिचेही गुडघे असेच सुजायचे. रात्रभर ती खाटेच्या दोऱ्या चावायची. ती गेली तेव्हा उर्वशी सहा वर्षांची होती. गावात एका देवऋष्यानं सांगितलं, ही बुधरीची करणी. बुधरी शेजारीच राहणारी गोंड विधवा, मूलबाळ नसलेली. चंदाला ती कधी तेंदूची पिकली फळं द्यायची, तेवढं पुरलं. गावच्या माणसांनी तिला झोपडीतून ओढून काढलं. मंत्र म्हणता येऊ नये म्हणून दगडानं तिचे पुढचे दात पाडले. त्या माणसांत मुखरू सर्वांत पुढे होता. आईच्या लुगड्याआडून उर्वशीनं ते पाहिलं होतं. त्यानंतर बुधरी नाल्यापलीकडे एकटी राहायची आणि गावाच्या हातपंपावर तिला कोणी येऊ देत नसे.

"घर में किसी को था?" नाकामुराबाईंनी पुन्हा विचारलं.

"होता," उर्वशी म्हणाली. "बहीणको होता."

क्लबनं तिला वाईट वागवलं नाही. पण या रक्तानं इथं धावलीस तर एखाद्या दिवशी मैदानातच मरशील, असं ओगाताबाईंनी नाकामुराबाईंकरवी सांगितलं आणि सांगताना त्यांना स्वतःलाच रडू आलं. जायच्या आदल्या रविवारी सामना होता. उर्वशीला क्लबचा निळा गणवेश घालून, वर दोन घोंगड्या गुंडाळून कडेच्या बाकावर बसवलं. उजव्या कडेला दुसरी मुलगी खेळत होती. चांगली खेळत होती. उर्वशीनं तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. नंतर ती स्वच्छतागृहात गेली आणि नळ मोठा सोडून बराच वेळ तिथंच उभी राहिली.

घरी आल्यावर मुबीन सरांनी तिला आणि आईबापाला, तिघांनाही, चंद्रपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून तेच सांगितलं: आईत अर्धं, बापात अर्धं, मुलीत पूर्ण. थोरलीतही तेच असणार.

परतताना बसमध्ये तिची आई, आशाबाई, खिडकीकडे तोंड करून बसली होती. मूल गावचा फाटा गेल्यावर ती एकदम म्हणाली, "म्हंजे आपल्यातच होतं ते. आपूनच देल्लं पोरीले."

"चूप राह्य," मुखरू म्हणाला.

"अन् त्या बुढीचे दात..."

"चूप राह्य म्हनलं ना!" बसमधली माणसं वळून पाहू लागली. मग तो उर्वशीकडे झुकून हळू आवाजात म्हणाला, "गावात हे बोलू नको. तुयं लगन व्हायचं आहे अजून. अन् लोकं काय म्हनतीन मले?"

दुसऱ्या दिवशी उर्वशी नाला ओलांडून गेली. बुधरी मोहफुलं वाळत घालत होती. तिनं उर्वशीला ओळखलं आणि आधी दोन पावलं मागे सरकली.

"मी मुखरूची पोरगी, बुधरीमाय."

"मालूम आहे. काऊन आली? कोनी पाह्यलं तं मलेच मारतीन."

उर्वशीनं सगळं सांगितलं. गोल आणि विळा मातीत बोटानं काढून दाखवला. "चंदाले तुनं काई केलं नव्हतं. डॉक्टरनं सांगतलं. मले बी तेच आहे."

बुधरीनं चित्राकडे पाहिलंही नाही.

"मी काई नाई केलं, हे मले डॉक्टरनं सांगाव लागते का?" ती म्हणाली. दातांच्या जागेतून शब्द हवेसारखे निसटत होते. "माया जीवाले मालूमच होतं ना वं. गावाले सांग. मले काऊन सांगते?"

पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेच्या पटांगणात झेंडावंदनानंतर उर्वशीचा सत्कार होता. ती जपानला जाऊन आली, एवढंच गावाला माहीत होतं. सरपंचांनी शाल दिली, नारळ दिला आणि माईक तिच्या हातात देऊन म्हणाले, "दोन शब्द बोल, बाई. पोट्ट्याईले कळू दे."

उर्वशी बोलली. आधी हामाकाझेचं मैदान सांगितलं, युकी सांगितली. पोरं हसली. मग म्हणाली, "मले रक्ताची बिमारी आहे, म्हनून वापस आली. चंदा याच बिमारीनं मेली. हे रक्त माया आईबाबाकून आलं. बुधरीमायनं करणी नाई केली. आपल्या गावानं तिचे दात फुकट पाडले."

मागच्या रांगेत मुखरू उठला आणि खाली मान घालून फाटकाबाहेर निघून गेला. सरपंचांनी घाईघाईनं माईक काढून घेतला. खाऊ वाटला गेला.

संध्याकाळी हातपंपावर बायका बोलत होत्या. "पाह्य ना, बुढीनं हिले जपानात बी नाई सोडलं," एक म्हणाली. "आता हिच्याच तोंडून बोलून राह्यली."

ब्रह्मपुरीकडचं एक स्थळ चालून आलं होतं, ते परत गेलं. दुसरं आलंच नाही. मुखरू मुलीशी बोलेनासा झाला. जेवायचा, उठायचा. मुबीन सरांनी तिला सावलीच्या शाळेत मुलींना खेळ शिकवायच्या कामावर लावून घेतलं. कडेला खुर्ची टाकून ती शिकवायची. दुखणं आलं की सरांच्या घरी त्यांची बायको, मलिकाभाभी, गरम पाण्याच्या पिशव्या करून द्यायच्या. एखादं मूल सांधे धरून रडताना दिसलं की उर्वशी त्याच्या घरी जायची आणि रक्त तपासा म्हणायची. काही जण तपासायचे. काही दार लावून घ्यायचे. सुटीच्या दिवशी ती नाल्यापलीकडे पाण्याची घागर पोहोचवून यायची. बुधरी कधी बोलायची, कधी नाही.

दोन हजार चारच्या वैशाखात बुधरी गेली. गावातून कोणी आलं नाही. घोटा गावाहून तिचा झाडू नावाचा भाचा आला, मुबीन सर आले. पुरायचं होतं आणि जमीन तापून दगड झाली होती. झाडू आणि सर आळीपाळीनं खणत होते. कुदळ उडून परत येत होती. सरांच्या हाताला फोड आले तेव्हा उर्वशीनं कुदळ घेतली. चार घाव घातले आणि ती वाकूनच राहिली.

"सोड ते. तुले दम लागते."

मुखरू मागे उभा होता. खांद्यावर घरची सब्बल, लोखंडी पहार, होती. साठी उलटलेला, वाकलेला. त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. सदरा काढून बोरीच्या काट्यावर अडकवला, खड्ड्यात उतरला आणि सब्बल मारू लागला. बराच वेळ तोच एक आवाज होता. उर्वशी झाडाखाली बसली. त्याच्या पाठीवरचा घाम मातीत मिसळून खाली ओघळत होता.

खड्डा कमरेएवढा झाला तसा तो थांबला. चादरीत गुंडाळलेल्या बुधरीकडे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

"झाडूभाऊ," तो म्हणाला, "यांचं डोकं कोन्या बाजूनं ठेवतेत तुमच्यात?"

झाडूनं हात करून दाखवलं. मुखरू त्या टोकाला सरकला, गुडघे टेकून बसला आणि तिथले खडे एक एक करून हातानं वेचू लागला.